दर दोन तासांनी कूस

तारा तायडे दिल्लीहून येणार आणि आठ आठवडे आपल्याच इस्पितळात ठाण मांडणार, हे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दुर्गाबाई उपासन्यांच्या कपाळावरची शीर तटतटून उठली. अमरावतीत काय इस्पितळांचा दुष्काळ पडला होता? तिच्या स्वतःच्या गावी, अकोल्याला, नव्हती का इस्पितळं? ती सगळी सोडून हिला नेमकं हेच कसं सापडलं? दुर्गाबाईंना उत्तर ठाऊक होतं. उट्टं काढायला येतेय, दुसरं काय.

इस्पितळ धर्मादाय होतं, बडनेऱ्याच्या रस्त्याला होतं, याहून जास्त सांगायचं कारण नाही. सन एकोणीसशे त्रेसष्ट. दुर्गाबाई तिथे बत्तीस वर्षं होत्या आणि त्यातली एकोणीस वर्षं मॅट्रन. अंजनगाव सुर्जीच्या मोरोपंत भटजींची ही लेक चौदाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली, थोरल्या भावाने धीर करून नागपूरला नर्सिंगला घातली, आणि पहिल्या सुट्टीत घरी गेली तेव्हा आईने तिचं पान मागच्या पडवीत मांडलं. परक्या पुरुषांचे मळमूत्र काढणारे हात सोवळ्यात कसे चालतील? दुर्गाबाई त्या पडवीत एकदाच जेवल्या. पुन्हा घरी जेवायला गेल्या नाहीत. त्यांनी इस्पितळालाच घर केलं आणि घरात असतं त्याहून कडक सोवळं तिथे आणलं.

त्यांच्या वॉर्डात पाहुण्याने पाऊल टाकलं की त्याच्या तोंडून वाहवा निघायचीच. वीस खाटा, सगळ्यांची चाकं एका रेषेत. चादरीला सुरकुती नाही. सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच, अशा मोठ्या डॉक्टरांच्या दोन फेऱ्या, आणि फेरीच्या तासभर आधी प्रत्येक रोगी उताणा, हात अंगालगत, पांघरूण छातीपर्यंत. नऊची फेरी संपायला अकरा वाजायचे, पाचची तयारी तीनला सुरू व्हायची, मग मधल्या वेळात कुणी कशाला त्या घड्या मोडेल? ज्याला स्वतःला हलता येत नाही तो रोगी उताणा तो उताणाच. त्याच्या पाठीला दिवसातून दोनदा स्पिरिट चोळून पावडर लावायची, हा दुर्गाबाईंचा नियम. एवढं करूनही कुणाच्या माकडहाडावर जखम पडली तर दोष त्याच्या रक्ताचा, नाहीतर त्याच्या घरच्यांनी इस्पितळात उशिरा आणल्याचा. जखमा पडायच्या, पुष्कळ पडायच्या. बेडसोर म्हणजे लांबच्या आजाराला चिकटून येणारच, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं.

आणि तारा? तारा दहा वर्षांपूर्वी याच इस्पितळात शिकाऊ नर्स म्हणून नऊ महिने होती. दुर्गाबाईंनी तिला ते नऊही महिने बेडपॅन धुवायच्या खोलीत ठेवलं. बरोबरीच्या मुली ताप बघायला शिकल्या, इंजेक्शन द्यायला शिकल्या, रोग्यांना दूध पाजायला लागल्या. ताराच्या हाती फिडिंग कप गेला नाही तो नाहीच. जात हा शब्द दुर्गाबाईंनी एकदाही उच्चारला नाही. ‘तुझा हात अजून बसला नाही,’ एवढंच म्हणायच्या. रोगी तिच्या हातचं पिणार नाहीत, मग इस्पितळाचं कसं चालायचं, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात आपल्या आईची मागची पडवी कुठे बसते हे त्यांनी कधी तपासलं नाही. नऊ महिन्यांनी पोरगी कुणाला न सांगता निघून गेली. पुढे ऐकू आलं की दिल्लीच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली, छप्पन साली तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्म घेतला, ती बी.एस्सी. झाली आणि आता एम.एस्सी. करतेय. नर्सिंगची एम.एस्सी. हे ऐकून दुर्गाबाई मेसमध्ये सगळ्यांसमोर हसल्या होत्या.

तेवीस सप्टेंबरला ती ऑफिसात येऊन उभी राहिली. पांढरी सुती साडी, केस घट्ट बांधलेले, बगलेत कागदांनी भरलेली पत्र्याची पेटी. दुर्गाबाईंनी बसायला सांगितलं नाही. ती आपणहून बसली.

“डॉक्टरांनी परवानगी दिली आहे,” तारा म्हणाली. “वॉर्ड तीन आणि वॉर्ड चार. दोन्हीकडे अंथरुणाला खिळलेले बारा-बारा पुरुष रोगी आहेत. तीन नंबरमध्ये दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. डावी, उताणी, उजवी. चार नंबरमध्ये काहीही बदलायचं नाही. रोज अकरा वाजता दोन्हीकडच्या पाठी मी तपासणार आणि जखमा मोजणार.”

“कशासाठी?”

“एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी. कूस बदलल्याने बेडसोर कमी होतात का, हे आकड्यांनी दाखवायचं आहे.”

“शुश्रूषेला आता आकडे लागायला लागले? थिअरी लागते?”

“लागते. का केलं आणि त्याने काय झालं हे सांगता येत नसेल तर ती शुश्रूषा नाही, नुसती सवय आहे.”

दुर्गाबाईंनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला. इंग्रजी त्यांना वाचण्यापुरतं येत होतं. दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’. दुसऱ्यावर, वॉर्ड चार, ‘नेहमीची शुश्रूषा’. त्या दोन शब्दांवर त्यांची नजर खिळली. ही नेहमीची शुश्रूषा म्हणजे त्या स्वतः होत्या. बत्तीस वर्षं, स्पिरिट, पावडर, ताठ चादरी, सगळं मिळून या पोरीने एका रकान्यात कोंबलं होतं, आणि तेही ज्या रकान्यात काहीच केलं जात नाही त्या रकान्यात. वॉर्ड चारमध्ये किती पाठी सडल्या याचा आकडा ही दिल्लीला नेऊन छापणार, आणि खाली इस्पितळाचं नाव. दुर्गाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

“म्हणजे चार नंबरच्या लोकांच्या पाठी सडतात का ते तू बघत बसणार,” त्या म्हणाल्या.

“ते आजही सडतच आहेत, बाई. मी फक्त मोजणार.”

दुर्गाबाईंनी कागद परत ढकलला. परवानगीवर डॉक्टरांची सही होती, ती त्यांना मोडता येत नव्हती. पण हा प्रबंध आपण पुरा होऊ देणार नाही, हे त्यांनी त्या खुर्चीत बसल्याबसल्या ठरवून टाकलं.

पहिले दोन आठवडे त्यांनी ताराला जमेल तितका जाच केला. बसायला टेबल दिलं नाही, मेसमध्ये तिचं नाव घातलं नाही, कपडे धुवायला टाकले तर चार-चार दिवस परत आले नाहीत. तारा बाहेरून डबा आणायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहायची. तीन नंबरच्या तीन नर्सांना तिने कामाला लावलं होतं, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी वेळेचा कागद टांगला होता, आणि दिवसभर ती तिथेच असायची. चार नंबरमध्ये ती फक्त अकरा वाजता यायची. पाठी बघायची, जखमेवर पातळ कागद धरून तिचा आकार गिरवायची, रोग्याशी दोन शब्द घरच्या वऱ्हाडीत बोलायची आणि जायची.

दुसऱ्या शनिवारी दुर्गाबाईंनी ती खाली गेल्यावर तिची पेटी उघडली. पेटीला कुलूप नव्हतं. आकडे बघून त्यांचं तोंड कडू झालं. तीन नंबरमध्ये नवी जखम एकही नाही. चार नंबरमध्ये दोन आठवड्यांत पाच नव्या, आणि शेंदूरजनाघाटच्या मोतीरामची जुनी जखम रुपयाएवढी होती ती तळहाताएवढी झालेली. मोतीराम म्हणजे संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडून कंबर मोडलेला माणूस, कमरेखाली त्याला चिमटा काढला तरी कळत नव्हता. असंच आणखी सहा आठवडे चाललं तर पोरीचा प्रबंध सोन्याचा होणार होता.

सोमवारी, सात ऑक्टोबरला, दुर्गाबाईंनी चार नंबरच्या सिस्टर जाईबाईंना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“आजपासून तुमच्या बाराही जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची,” त्या म्हणाल्या. “रात्रपाळीलाही. राउंडच्या वेळीसुद्धा. पांघरुणाखाली थोडं कलतं ठेवा, डॉक्टर काय वाकून बघतात थोडेच. फक्त अकराला ती येईल तेव्हा सगळे सरळ उताणे पाहिजेत. आणि कुणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे.”

जाईबाई गोंधळल्या. “पन बाई, ते तं तिकडे तीन नंबरात करून राह्यले ना? आपल्याकडे नाही करा लागत म्हने.”

“म्हणूनच करायचं. दोन्हीकडे सारखंच झालं की तिच्या कागदाला काय अर्थ उरणार? जाऊ दे तिला हात हलवत दिल्लीला.”

आता जाईबाईंना समजलं आणि त्या गालातल्या गालात हसल्या. ही गोष्ट त्यांच्या नर्सांनाही आवडली. दिल्लीहून येऊन आपल्याला शिकवणाऱ्या पोरीला धडा शिकवायचा, तोही तिच्या नकळत, यात जी गंमत होती ती रोजच्या कामात कुठून येणार? त्या मुली सांगितलेल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं रोग्यापाशी हजर व्हायच्या. ऐन दिवाळीतही एक पाळी चुकली नाही. दुर्गाबाई स्वतः दुपारी दोनला आणि चारला वॉर्डात जायच्या, साडीचा पदर खोचून मोतीरामच्या खांद्याखाली हात घालायच्या आणि त्याला कुशीवर करायच्या. बत्तीस वर्षांत एवढ्या निष्ठेने कुठल्या रोग्याची पाठ राखली गेली नव्हती. द्वेषाने माणूस किती राबू शकतो हे त्या वॉर्डात येऊन बघावं.

आणि जखमा भरायला लागल्या. आधी कडा गुलाबी झाल्या, मग तळातून लाल, ओलसर मांस वर यायला लागलं. मोतीरामची जखम दर आठवड्याला आक्रसत गेली. दुर्गाबाई ती बघायच्या आणि खूश व्हायच्या. ताराच्या पेटीतला कागद बिघडत चालला म्हणून खूश व्हायच्या. दुसरं काही मनात येऊ लागलं की त्या लगबगीने दुसऱ्या खाटेकडे वळायच्या.

“बाई, तुमचा हात लय हलका हाये,” मोतीराम एकदा म्हणाला.

“गप पड,” दुर्गाबाई म्हणाल्या.

सोळा नोव्हेंबर, शनिवार. आठ आठवडे संपले. तारा दुपारी ऑफिसात आली, पेटी टेबलावर ठेवली आणि समोर बसली. दुर्गाबाई याच क्षणाची वाट बघत होत्या.

“झालं का तुझं मोजून?”

“झालं.”

“काय निघालं?”

“काहीच फरक निघाला नाही. आठव्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही वॉर्डांत जखमा जवळजवळ सारख्याच.”

“मग तसं लिही,” दुर्गाबाई म्हणाल्या. आवाजातला आनंद त्यांनी लपवला नाही.

“तसं लिहिलं तरी पास होईन मी,” तारा म्हणाली. “फरक नाही हासुद्धा निष्कर्ष असतो. परीक्षकांना पद्धत नीट दिसली की झालं. प्रबंध लायब्ररीत जाईल, पुढच्या वर्षीच्या मुली वाचतील. त्यात लिहिलेलं असेल की अमरावतीच्या एका इस्पितळात चोवीस माणसांच्या पाठी आठ आठवडे मोजल्या आणि कूस बदलल्याचा काही उपयोग दिसला नाही. मग त्यातली एखादी कुठेतरी मॅट्रन होईल आणि नर्सांना सांगेल, सोडा ते वळवणं, फुकटचा त्रास आहे. ते खोटं आहे हे जगात दोनच बायांना माहीत असेल. तुम्हाला आणि मला.”

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. प्रबंध फसवायचा, एवढंच त्यांनी बघितलं होतं. फसलेला प्रबंधसुद्धा काहीतरी बोलतो, आणि तो काय बोलेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. अकरा वाजता तुमचे रोगी उताणे असायचे, पण त्यांच्या खांद्यावर आणि कुल्ह्याच्या हाडावर चादरीच्या चुण्यांचे वळ असायचे. उताण्या माणसाच्या कुशीला वळ कसे उठतील?”

“कधी कळलं?”

“तिसऱ्या आठवड्यात.”

“आणि गप्प बसलीस?” दुर्गाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. “तुझा प्रबंध बुडत होता आणि तू गप्प बसलीस?”

“माझ्या गाईडबाईंना लिहिलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, दुसरा वॉर्ड शोध, जिथे कुणी वळवत नाही. किंवा हे थांबवायला लाव. मोतीरामची जखम भरत होती. ती भरू देऊ नका असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.” ताराने पेटीवर हात ठेवला. “मला तुमच्याकडून एक कागद पाहिजे. चार नंबरमध्ये कूस बदलणं कोणत्या तारखेला सुरू झालं आणि त्याच्या आधी काय चालायचं. तुमच्या सहीने. मग मला त्याच वॉर्डातले आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवता येतील. खरं काय ते दिसेल.”

“म्हणजे या इस्पितळात आधी कुणाला वळवत नव्हते असं मी लिहून देऊ.”

“हो.”

“माझं बत्तीस वर्षांचं नाव मी तुझ्या पेटीत घालू. याचसाठी आलीस तू. ते नऊ महिने वसूल करायला आलीस.”

“वसूल करायचे असते तर आज इथे आलेच नसते,” तारा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण दिल्लीचं पॉलिश उडालं. “ते नऊ महिने मी इसरली नाही आन् इसरनारबी नाही. तुमचं तोंड पाह्यलं की आजबी माह्या हाताले त्या खोलीचा वास येते. पन त्याच्यासाठी बारा मान्सांच्या पाठी म्या नाही वापरल्या. तुमी वापरल्या.”

दुर्गाबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. “चालती हो.”

“सोमवारी अकराला येते. बाराची गाडी आहे.” तारा पेटी उचलून अकोल्याला, घरी निघून गेली.

रविवारी दुर्गाबाई क्वार्टरबाहेर पडल्या नाहीत. लिहून देणार नाही, हे शंभर वेळा ठरवलं. कोण ही पोरगी? आज आहे, उद्या नाही. लायब्ररीतली जाड पुस्तकं कोण उघडून बघतो? आणि समजा बघितलं, कुठल्यातरी मॅट्रनने वळवणं सोडलं, तर त्याचं पाप आपल्या माथी कसं? बाईमाणसाने आयुष्यभर राबून एक नाव मिळवायचं आणि म्हातारपणी ते स्वतःच्या हाताने पुसायचं, हा कुठला न्याय? त्यांनी स्वतःशी असा भरपूर युक्तिवाद केला. त्यांचं म्हणणं खोडून काढायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला त्या सवयीने चार नंबरमध्ये गेल्या. वीस खाटा, चाकं रेषेत, आणि बाराही जण उताणे. राउंडला अजून दोन तास होते.

“जाईबाई, सहाची पाळी झाली का?”

“कोनती पाळी, बाई?”

“कूस बदलायची.”

जाईबाईंनी नवलाने बघितलं. “आता काहून? तिचं काम झालं ना? शनवारी पेटी घेऊन गेली ते. म्या पोरींले सांगतलं, बस झालं आता. दोन दिस झाले बंद करून. तुमीच तं म्हनले होते, तिच्यासाठी करून राह्यलो म्हनून.”

जाईबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी बाईंचं म्हणणं जसंच्या तसं पाळलं होतं.

दुर्गाबाई मोतीरामच्या खाटेपाशी गेल्या. तो छताकडे बघत पडला होता. त्यांना बघून त्याचे डोळे भरून आले.

“बाई, माह्यं काही चुकलं काय? परवापासून कोनी वळवाले नाही आलं. मले वाटलं, म्या कोनाले काई बोललो असन.”

“नाही चुकलं काही.”

“मले कमरेखालचं काई समजत नाही. तुमीच पाहा.”

दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि त्याला एकटीने कुशीवर केला. सहा आठवड्यांत धरलेली कोवळी कातडी मध्ये फाटली होती. तिच्याभोवती जांभळट लाल डाग पसरला होता. त्यांनी डागावर अंगठा दाबला आणि उचलला. लाल पांढरं झालं नाही. आत रक्त फिरायचं थांबलं आहे, याची ती खूण. ही खूण त्यांना चव्वेचाळीस साली, मॅट्रन झाल्या तेव्हा ठाऊक होती, तीस सालीसुद्धा ठाऊक होती. नागपूरला शिकतानाच्या पहिल्याच वर्षाच्या वहीत ती लिहिलेली होती आणि तिच्या खालीच लिहिलं होतं, रोग्यास वळवत राहावे. त्यांनी वही कधी टाकली नव्हती. वाचणं मात्र सोडलं होतं. दोन दिवसांत एवढं. मग बत्तीस वर्षांत किती, असा प्रश्न मनात आला आणि या वेळी त्यांना दुसऱ्या खाटेकडे वळता आलं नाही, कारण दुसऱ्या खाटेवरही तसाच माणूस होता.

“सगळ्यांना वळवा,” त्या जाईबाईंना म्हणाल्या. “आत्ता. आणि आज राउंडलाही तसेच राहू द्या. लपवायचं नाही.”

नऊला मोठे डॉक्टर आले, दारातच थबकले आणि भुवया उंचावून म्हणाले, “मॅट्रन, तीन नंबरचा बाजार आता इथेही मांडलात?”

“दर दोन तासांनी कूस बदलायची आहे, डॉक्टर. अशीच दिसणार आता ओळ,” दुर्गाबाई म्हणाल्या. डॉक्टर पुढे काही बोलणार होते, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी पहिल्या रोग्याचा कागद हातात घेतला.

अकराला तारा ऑफिसात आली. बसली नाही. दुर्गाबाईंनी टेबलावरून एक कागद तिच्याकडे सरकवला. मराठीत होता, ठसठशीत, गोल अक्षरात.

‘मी दुर्गाबाई उपासने, मॅट्रन, लिहून देते की वॉर्ड चारमध्ये अंथरुणास खिळलेल्या रोग्यांची कूस दर दोन तासांनी बदलण्याचे काम माझ्या हुकमाने सात ऑक्टोबर एकोणीसशे त्रेसष्टपासून सुरू झाले. त्याआधी ते होत नव्हते. मी मॅट्रन असलेल्या एकोणीस वर्षांत, हा अभ्यास सुरू होईपर्यंत, या इस्पितळाच्या कोणत्याही वॉर्डात ते झाले नाही. सोळा नोव्हेंबरच्या दुपारपासून अठरा नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत ते बंद राहिले. परिणाम मी स्वतः पाहिला.’

खाली सही होती.

ताराने कागद दोनदा वाचला. “एकोणीस वर्षांचं मी मागितलं नव्हतं.”

“तुझ्यासाठी नाही लिहिलं.”

“आणि एक गोष्ट राहिली.” तारा कागद परत टेबलावर ठेवत म्हणाली. “सात ऑक्टोबरला तुम्ही हे सुरू का केलं, ते यात नाही. वाचणारा पहिल्यांदा तेच विचारेल. एकोणीस वर्षं केलं नाही आणि अभ्यास चालू असतानाच एकाएकी का केलं? रोग्यांची दया आली असेल तर तसं लिहा. मी तसंच छापीन.”

बाहेर वॉर्डात कुणीतरी भांडं आपटलं. दुर्गाबाईंनी समोर उभ्या असलेल्या पोरीकडे बघितलं. ती त्यांना आजही आवडत नव्हती, मरेपर्यंत आवडणार नव्हती. तिने एक दार उघडून ठेवलं होतं, अगदी सोपं, आणि त्या दारातून गेलं तर नाव वाचत होतं. दया हा शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? दुर्गाबाईंनी दौतीत टाक बुडवला, सहीच्या खाली थोडी जागा होती, तिथे एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली पुन्हा सही केली.

‘तारा तायडे हिचा प्रबंध फसावा म्हणून.’

ताराने ती ओळ उभ्यानेच वाचली. शाई वाळेपर्यंत थांबली. मग कागद तिने पेटीत सगळ्यात वर ठेवला, झाकण लावलं आणि गाडी गाठायला निघाली. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला नाही.